पाच पिढ्यांची खुर्ची

इनामदारांनी नवा बंगला बांधला, पण दिवाणखान्यात खुर्ची कोणती ठेवावी, हा घोळ काही केल्या मिटेना. बाईसाहेब म्हणत नवी, इनामदार म्हणत जुनी. आल्यागेल्याला घराणं दिसलं पाहिजे!

एवढ्यात झुंबरशेठ व्यापारी एक काळीकुळकुळीत खुर्ची घेऊन हजर झाला. "दोनशे वर्षांची आहे. सरदारांच्या पाच पिढ्या हिच्यावर बसल्या. जाणत्याला जास्त सांगायला नको."

इनामदारांना जाणते म्हणवून घ्यायची भारी हौस, पण खात्री पटेना. त्यांनी बंगल्याची दारं बसवणाऱ्या शेवंता सुतारणीला बोलावलं.

शेवंताने खुर्चीच्या पायांमधल्या आडव्या दांडीवरून हात फिरवला. "शेठ, ही दांडी जराही झिजलेली नाही. सरदार पाय कुठे ठेवायचे?"

"मांडी घालून बसायचे!"

"हेही खरंच," म्हणत इनामदार पुन्हा गोंधळले.

"मग बैठक तरी झिजायला हवी होती. पाच पिढ्या हिच्यावर बसल्या, की हिच्यासमोर उभ्याच राहिल्या?"

शेठ खुर्ची उचलून निघू लागला.

"अगं, मग आता घेऊ तरी कोणती?" इनामदार रडकुंडीला आले.

"हीच घ्या, सरकार. बाईसाहेबांना नवी हवी होती, ही नवी आहे. तुम्हाला लोकांना जुनी दाखवायची होती, ही जुनी दिसते."