काजव्यांची रांग

फार वर्षांपूर्वी, श्रावणातल्या एका सकाळी, ऊन वर आल्यावर, विहिरीवरच्या बाभळीत सुगरण पक्ष्यांतला एक नर आपलं अर्धं विणलेलं घरटं दाखवत होता. त्यांच्यात रीतच तशी आहे. मादीने पसंत केलं, तरच नर ते पुरं करतो.

टिपकी नावाची मादी आत बसली. वाऱ्याने घरटं झुललं आणि इथेच अंडी घालावीत, असं तिला आतून वाटलं.

"अगं बाई, काजव्यांची रांग नाही?" फांदीवरची साळुंकी म्हणाली. "हल्ली त्याशिवाय कोण राहतं?"

"त्या उजेडात पिल्लं काय पोथी वाचणार आहेत?" नर उसळला.

"आधी काजवे लावा, मग बोलू," म्हणत टिपकी उडाली.

अशी तिने सहा घरटी नाकारली. भाद्रपद सरला, गवत वाळलं. वाळलेलं पातं विणायला घेतलं की तुटतं. शेजारच्या घरट्यांतून पिल्लांची चिवचिव यायची आणि टिपकी एका सोडून दिलेल्या अर्ध्या घरट्यात एकटीच झुलत ती ऐकत बसायची.

साळुंकीने त्याच पावसाळ्यात विहिरीच्या कपारीत चार पिल्लं वाढवली. तिथे एकही काजवा नव्हता. त्याचा जाब तिला अजून कोणी विचारलेला नाही.