चोपदाराने चंद्राला चालायला शिकवले त्याची गोष्ट

एका राज्यात राजाला पाठ दाखवायची कोणाचीच छाती नव्हती. सरदार उलट पावली दरबाराबाहेर पडत, आचारी उलट पावली ताटे उचलून नेत आणि न्हावी हजामत आटोपली की खेकड्यासारखा तिरका सरकत दार गाठी.

रीत जुनीच होती, पण आता तिच्यामागे एक शाप होता. राजा मकरंदसेन अडीच-तीन महिन्यांपूर्वी एकदा मांत्रिक जटाळ्याचे रटाळ पुराण ऐकता ऐकता जांभई देऊन पाठमोरा झाला. मांत्रिकाचे पित्त खवळले. जो कोणी तुला पाठ दाखवील तो तुझी उंची बोटभर खाईल, असा शाप त्याने दिला. राजाने पाय धरले तेव्हा उःशापही मिळाला: ज्याच्यावर कोणाचा हुकूम चालत नाही, तो महिनाभर पाठ न दाखवता तुझ्याभोवती फिरला, तर सुटशील.

माणसे आवरली. चंद्राला कोण आवरणार? त्या काळी तो स्वतःभोवती गरागरा फिरत आकाशातून जाई, आणि त्याची खड्ड्याखड्ड्यांची पाठ रोज एकदा राजवाड्याकडे होई. राजा आधी घंगाळात मावू लागला, मग तपेलीत, शेवटी वाटीत बसून आंघोळ करू लागला. चार बोटे राजा उरला होता. म्हणजे चारच दिवस उरले होते.

चोपदार निंबाजीने या राजाला लहानपणी खांद्यावर खेळवले होते. त्याला घास गोड लागेना. तेव्हा वाड्यातली साळुंकी म्हणाली, "रडतोस काय? पूर्वेच्या डोंगरावर चंद्र उगवण्याआधी घटकाभर टेकतो. जाऊन सांग."

निंबाजी निघाला. राजवाडा मागे दिसत होता, म्हणून अख्खा डोंगर तो उलटा चढला. तीन दिवस लागले.

"माझ्यावर कोणाचा हुकूम चालत नाही," चंद्र म्हणाला.

"हुकूम नाही, देवा. विनंती आहे. एकच बोट राजा उरला आहे."

चंद्राला गंमत वाटली. त्याने तीन कामे घातली. दुधाने काठोकाठ भरलेला पेला घेऊन उलटा चाल, थेंब सांडता कामा नये. निंबाजी चालला. ओढ्यावरच्या ओंडक्यावरून उलटा जा. निंबाजी गेला, वाटेत मिशीही पुसली. आता माझ्याभोवती फेरी मार, पण तुझी पाठ मला दिसता कामा नये. निंबाजीने फेरी मारली. चाळीस वर्षे तो सिंहासनाभोवती दुसरे काय करत होता?

चंद्र चाट पडला. "हे कसे जमते?"

"जेवढे पुढे सरकायचे तेवढेच अंग वळवायचे, देवा. एका फेरीला एकच गिरकी. जास्त घाई नको."

चंद्र हट्टाला पेटला. दोनदा ठेचकाळला, एकदा ढगावर बसला, पण शिकला. त्या दिवशी तो उशिरा उगवला, मात्र तोंड खाली करून उगवला. राजाचे शेवटचे बोट वाचले.

महिना भरला त्या सकाळी राजा आंघोळ करत असतानाच चांदीची वाटी टरकन फाटली आणि पुरता साडेतीन हात राजा ओलेता उभा राहिला. राज्यभर दवंडी पिटली, की आता ज्याला पाठ फिरवायची त्याने खुशाल फिरवावी.

"निंबाजी, आता सरळ चाला," राजा म्हणाला.

निंबाजी वळला, तीन पावले सरळ चालला आणि दाराच्या चौकटीवर आपटला.

कपाळावरचे टेंगूळ उतरल्यावर राजाने त्याला पुन्हा डोंगरावर धाडले, चंद्रालाही मोकळा केल्याचे सांगायला. निंबाजी पोचला तेव्हा चंद्र वर चढत होता. तोंड खाली, चाल तिरकी, एका फेरीला एकच गिरकी. चाळीस वर्षांत दरबारातल्या एकाही मानकऱ्याला इतके नेटके जमले नव्हते. म्हाताऱ्याचा ऊर भरून आला. सांगायला तोंड उघडले ते त्याने तसेच मिटले, आणि चंद्राकडे बघत, उलट पावलीच तो डोंगर उतरला.

तो निरोप अजून पोचायचा आहे.