मुसळीचं उसनं

सन १९११. ज्येष्ठ संपत आला होता आणि सातपुड्यावर ढग जमले होते. पाड्याला पांढऱ्या मुसळीचं बियाणं हवं होतं. बाळंतिणीला दूध यावं म्हणून आमच्यात हीच मुळी देतात. आदल्या साली इनामदार हैबतरावाने सगळं बियाणं आपल्या बागेत लावायला उसनं नेलं होतं. आमची टेकडी वर्षभर ओसाड राहिली.

मुसळीला कोंब डोक्यातून, म्हणजे मुळीच्या वरच्या देठाकडच्या गड्ड्यातून फुटतो. बिनडोक्याची मुळी जमिनीत कुजते. हे ठाऊक असूनच त्या लबाडाने डोकी कापून स्वतःकडे ठेवली आणि नुसत्या मुळ्या परत धाडल्या.

आमच्या पाड्याची जाणती रुमली आजी तडक त्याच्या ओट्यावर गेली. मामलेदार तिथे पाहुणा होता.

“मुळ्या नेल्या, मुळ्याच दिल्या,” इनामदार म्हणाला. “वजन भरलं ना? मग बोंबलतेस कशाला? आणि उद्या माझ्या खुराड्यासाठी अंड्यावरच्या कोंबड्या आण. दरसालचा हक्क आहे माझा.”

दुसऱ्या दिवशी आजीने मामलेदारासमोरच टोपली उपडी केली. एकाही कोंबडीला मुंडकं नव्हतं.

“थेरडे! ही मढी अंडी घालणार का?”

“तोलून बघा सरकार. वजन भरेल.”

“मी जिवंत मागितल्या होत्या!”

“आम्हीपण मुसळी जिवंतच दिली होती. तुम्हाला अंडी पाहिजेत, आमच्या टेकडीला कोंब नको?”

मामलेदाराने इनामदाराकडे रोखून पाहिलं. इनामदाराने गड्याला कोठाराकडे पिटाळलं.

पाऊस लागायच्या आत मुसळीची डोकी पाड्यावर परत पोचली.