तांब्यातला सेन्सर

“...म्हणजे बाबा, यंत्र खोटं बोलतं का, एवढंच सांगा.”

तुषार वाघचौरेनं दंडवत घातला तो प्रश्नासकटच. एरवी सणासुदीला डोकावणारा हा इंजिनियर भर दुपारी जालन्याच्या एमआयडीसीमागच्या मठात धावत आला, तेव्हाच दामोबाबांनी ओळखलं की पाणी कुठंतरी मुरतंय. त्यांनी पोथी मिटली.

“कोणतं यंत्र?”

“आमच्या कुकरच्या कारखान्यातलं. रोबोट खोक्यात कुकर ठेवतो, वर शिट्टी ठेवतो. शिट्टी आली की नाही ते सेन्सर बघतो. नाही दिसली तर लाल दिवा लागतो, लाइन थांबते, माझा फोन वाजतो. असे चारशे बारा सेन्सर बसवलेत मी. सगळे एकमेकांशी बोलतात.”

“आणि माणसं?”

“माणसांना बोलायची गरजच ठेवली नाही.” हे त्यानं मान ताठ करून सांगितलं.

“बरं... मग अडलं कुठं?”

अडलं ते असं. तीनशे कुकर गिऱ्हाइकाकडून परत आले होते आणि एकाही खोक्यात शिट्टी नव्हती. सेन्सर मात्र छातीठोकपणे सांगत होता की सगळ्यांत होती. उद्या सकाळी पुण्याहून मालक येणार होते. कोणतं यंत्र खोटं बोललं ते दाखवता आलं नाही, तर आधी सेन्सर उचकटले जाणार होते आणि मागोमाग तुषार. बिचाऱ्याला दोन दिवस जेवण गोड लागलं नव्हतं.

“लाल दिवा लागला की तू काय करतोस?”

“दोन मिनिटांत हजर होतो. ज्याच्या पाळीत लागला त्याची सगळ्यांदेखत अशी हजेरी घेतो, की बास. म्हणून तर गेले पंधरा दिवस एकदाही लाल लागला नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

बाबा नुसतं ‘हं’ म्हणाले.

गप्प बसणं तुषारला जमत नसे. त्यानं फोन काढला. फोनवरून कारखाना हाकणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षाही आरामाचं काम, आणि त्यात तो वाकबगार होता.

“आता हेच बघा. दिवाळीत तुमच्या टाकीत मी सेन्सर बसवून दिला. पाणी कमी झालं की तो इथं बोंबलतो आणि तिकडं माझा फोन. बघा, मठाची टाकी, शंभर टक्के. हा कधी खोटं बोलला?”

“नाही. गुणी आहे.”

“मग घोटभर पाणी द्या. घसा कोरडा पडलाय.”

“नळाला नाही रे पाणी. टाकी कोरडी ठणठणीत आहे. चार दिवस झाले, बोअर आटला.”

तुषारनं फोनकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. शंभर टक्के.

बाबांनी कोनाड्याकडे बोट केलं. तिथं हापशावरून भरून आणलेला तांब्या होता आणि तांब्यात सेन्सर बुडी मारून बसला होता. त्याचा हिरवा दिवा सुखानं लुकलुकत होता.

“पाणी संपताच बोंबलायला लागला,” बाबा म्हणाले. “पोथी वाचू देईना. आता पाण्यात आहे. त्याचं समाधान, तुझंही समाधान.”

तुषारला हसू आलं. ते अर्ध्यावरच थांबलं...

त्यानं सुपरवायझर खरातला फोन लावला.

“शिट्टीच्या सेन्सरपुढं जाऊन बघा. काय दिसतंय?”

खरात यंत्रांच्या खडखडाटातून तिथवर गेला.

“साहेब... एक शिट्टी आहे. दोऱ्यानं बांधलेली.”

“बांधलेली?”

“सेन्सरच्या डोळ्यापुढंच. ट्रेमध्ये शिट्ट्याच नाहीत, साहेब. रोबोट हवाच उचलतोय आन् खोक्यात ठेवतोय. लई मन लावून करतोय.”

“कधीपासून?”

“पंधराएक दिवस झाले असतील.”

“कुणी बांधली?”

“आवाज तुटतोय, साहेब,” खरात खणखणीत आवाजात म्हणाला आणि फोन बंद झाला.

पंधरा दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी लाल झालं. तुषारचे कान.

“म्हणजे यंत्र खरंच बोलत होतं. कुणीतरी त्याचं तोंड बंद केलं. बाबा, मला तो माणूस पाहिजे. नाव मिळालं की उद्या मालकांपुढं त्यालाच उभा करतो.”

“करशील?”

“तुमची शपथ.”

“...आधी पाणी पी.”

बाबांनी सेन्सर तांब्यातून बाहेर काढला आणि तांब्या पुढं केला.

सेन्सर बोंबलला. पाठोपाठ तुषारचा फोन बोंबलला. वळचणीची कबुतरं फडफडत उडाली. तुषारनं तांब्या तसाच खाली ठेवला आणि दोन्ही कानांवर हात दाबले.

“बाबा, आधी त्याचं तोंड बंद करा हो.”

बाबांनी सेन्सर पाण्यात सोडला.

सगळं शांत झालं... हिरवा दिवा पुन्हा लुकलुकू लागला.

बाबांनी पोथी उघडली, पान शोधलं, आणि वर न बघता विचारलं,

“मिळालं नाव?”