अंगाईतली किंकाळी

गाणी फितीवर टिपायचे त्या काळी एका स्टुडिओत म्हाताऱ्या यंत्रांचं राज्य होतं. त्यांना वाटायचं, संगीत म्हणजे आपणच. तिथे अंगाई वाजवायला एक नवा सॅक्सोफोन आला. त्याचा सूर नुसत्या श्वासातून हळूच उगवायचा. त्याच्याकडे तेवढंच होतं.

माइक आणि फीत यांच्या मध्ये दारवानकाका बसायचे, त्याच यंत्रांपैकी एक. आवाज ठरावीक जोरापेक्षा हळू असला की ते फितीकडे जायचं दार बंद करायचे. सॅक्सोफोन वाजला. फीत लावून ऐकली, तर सुरुवातच गायब.

"काका, माझा सूर कुठे गेला?"

"तो सूर होता होय? मला वाटलं पंखा."

सगळ्यांचे आवाज कमीजास्त करणाऱ्या मिक्सरआजोबांकडे तो धावला. "आजोबा, दार जरा किलकिलं ठेवायला सांगा ना."

"तू जन्मायच्या आधीपासून दार असंच आहे. तूच सुधार. आता शेवटची संधी, नाहीतर ट्रम्पेटला बोलावतो."

हळू वाजवलं तर आपण फितीवर नसूच, एवढंच सॅक्सोफोनच्या डोक्यात घुमत होतं. पाळी आली आणि तो पहिल्याच सुराला जीव खाऊन किंचाळला. दार सताड उघडलं. अंगाईत किंकाळी उमटली, अगदी स्वच्छ.

आजोबांनी त्याचा आवाज झटकन खाली ओढला. "हल्लीच्या पोरांना हळू बोलताच येत नाही."

"संस्कार नाहीत, दुसरं काय," काका म्हणाले आणि त्यांनी दार लावून घेतलं.