सोनवतीचं माहेर

एका राज्यात सोनवती नावाची नदी होती आणि तिला बोलता येत असे. डोंगरावरच्या एका जुन्या उंबराच्या मुळांतून ती निघे. उंबर हे तिचं माहेर. वैशाख लागला की ती रोडावे, मुळांखाली विसाव्याला निघे, आणि निघताना काठावर उभ्या राजाला म्हणे, "येते." राजाने म्हणायचं, "ये." निघालेल्याला त्या राज्यात कुणी "जा" म्हणत नसे, आपणही म्हणत नाही. मग मृगात ती भरून परत येई.

पुढे तुंगसेन राजा झाला. त्याला एका मांत्रिकाने सांगितलं, "उंबराच्या सिंहासनावर बसेल त्याचं राज्य ढळत नाही." राजा तसा शहाणा, पण स्तुती कानी पडली की त्याची अक्कल चरायला जाई. त्याने उंबर तोडला, सिंहासन केलं.

वैशाखात नदी राजवाड्याच्या पायरीशी थबकली.

"राजा, माझं माहेर तोडलंस. आता मी विसावू कुठे?"

"हवं तिथे जा," राजा म्हणाला.

नदी गेली, ती आली नाही. पाऊस पडे, पण उघड्या डोंगरावरून तो घाईच्या पाहुण्यासारखा निघून जाई. आड आटले. मांत्रिक तर पहिल्याच वर्षी पखाल भरून पसार झाला. सातव्या वर्षी रांगती मुलं दगावू लागली, तेव्हा राजाची एकुलती लेक मृगावती डोंगर चढली. उंबराच्या बुंध्यावर म्हातारा धनेश पक्षी बसला होता.

"राजकन्ये, कामं तीन," धनेश म्हणाला. "सिंहासन इथे परत आण. उंबराचं फूल आण. तिसरं नंतर सांगेन."

मृगावतीने घरी येऊन हे सांगितलं, तसा राजा सिंहासनावरून उठला आणि जमिनीवर बसला. मृगावतीने ते पाठीवर घेऊन डोंगरावर नेलं.

फुलाचं ऐकून दरबार हसला. उंबराचं फूल कधी कुणी पाहिलंय? ती परमुलखात गेली आणि महिन्याने पदरात एक कच्चं उंबर घेऊन आली. धनेशासमोर तिने ते फोडलं. आत बारीक बारीक फुलं होती.

धनेशाने मान खाली घातली. "ज्या घराने नदीचं माहेर तोडलं, त्या घरातलं कुणी इथे मुळं धरून उभं राहिलं पाहिजे. आणि ज्याने 'जा' म्हटलं, त्याने 'ये' म्हटलं पाहिजे."

मागोमाग आलेला राजा म्हणाला, "मी उभा राहतो."

"जून खोड रुजत नाही, महाराज."

मृगावती बुंध्यापाशी जाऊन उभी राहिली. तिची पावलं मातीत उतरली, कमरेपर्यंत साल चढली. तिने राजाकडे पाहिलं.

"बाबा, येते."

ती परत यायची नव्हती, हे राजाला कळत होतं. तो शब्द त्याच्या ओठांवर येईना. साल तिच्या गळ्याशी आली, तेव्हा तो म्हणाला, "ये, बाळा."

मुळांखालून पाणी उमाळलं. आड भरले, शेतं ओली झाली, लेकरं वाचली. राज्य पुन्हा सुरळीत चाललं. राजा मात्र जमिनीवरच बसून न्याय करी.

दर वैशाखात तो काठी टेकत डोंगर चढे. नदी म्हणे, "येते." तो म्हणे, "ये." मग उंबराच्या खोडाला हात लावून तो तिन्हीसांजेपर्यंत थांबे. झाड काही म्हणत नसे. ते कुठे जात नव्हतं, मग "येते" तरी कशाला म्हणेल?