दगडातली पावलं

ही गोष्ट बाहेर सांगायची नाही, असं आत्याने मला बजावलं आहे. मोठ्यांचा मान कमी होतो म्हणे. तरी सांगते.

फार फार मागे, डोंगरांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, एका राज्यात शेळ्या पाळणाऱ्यांचं गाव होतं. गावासमोर ओढा होता आणि ओढ्यापलीकडे हिरवंगार कुरण. ते कुरण कोणाचं, हे दर वर्षी सुगीनंतर एका फटक्यावर ठरे. गावातल्या एकाने वाकड्या काठीने लाकडी चेंडू मारायचा. चेंडू ओढा ओलांडून गेला तर वर्षभर गावाच्या शेळ्या तिथे चरणार. नाही गेला तर राजाचे घोडे.

चेंडू मारायची जागा ठरलेली होती. तिथल्या सपाट खडकात पावलांचे दोन ठसे कोरलेले होते. राजाचे आजोबा, म्हणजे थोरले महाराज, तिथे उभे राहून असा फटका मारत, की चेंडू पलीकडच्या टेकडीवर जाऊन पडे. म्हणून प्रत्येकाने त्याच ठशांत पाय ठेवायचे आणि पुढच्या खळग्यात चेंडू. खेळ शिकवणारे गुरुजी त्यात तसूभर फरक चालू देत नसत.

तीन वर्षं तीन तरुण त्या ठशांत उभे राहिले. तिघांचेही चेंडू उजवीकडे बोरीच्या काट्यांत गेले. गुरुजींनी पहिल्याला म्हटलं, मनगटात जोर नाही. दुसऱ्याला म्हटलं, लक्ष ठिकाणावर नाही. तिसऱ्याला तर सगळ्यांसमोर विचारलं, की हात देवाने दिले आहेत की कोणाचे उसने आणले आहेस. लोक हसले. त्या तिसऱ्याने पुन्हा काठी हातात घेतली नाही, पारावर बसणंही सोडलं.

इकडे राजाचे घोडे इतके सुस्तावले की त्यांना पळवायला माणसं ठेवावी लागली, आणि गावातल्या शेळ्यांच्या बरगड्या लांबून मोजता येऊ लागल्या. यंदाही कुरण गेलं, तर गावाला घरं सोडून दुसरीकडे जावं लागणार होतं.

चौथ्या वर्षी कोणीच पुढे येईना. तेव्हा त्या तिसऱ्याची धाकटी बहीण म्हणाली, मी मारते.

ती शेळ्यांमागे माळावर जाई, तिथेच सराव करी. माळावर ठसे नव्हते. पाय आपोआप पडत तशी ती उभी राही, आणि चेंडू सरळ जाई. खडकावर मात्र तो काट्यांतच. हात तेच, काठी तीच. मग ती पायांकडे बघू लागली. शेळी बांधायची दोरी तिने दोन्ही ठशांच्या अंगठ्यांना लावून ताणली. दोरी ओढ्याकडे जातच नव्हती. ती नेमकी बोरीकडे जात होती. डाव्या पायाचा ठसा वीतभर पुढे होता. आणि खळगा इतका दूर, की चेंडू गाठायला तिला टाचा उचलाव्या लागत.

तिने गुरुजींना हळूच विचारलं, डावा पाय थोडा मागे घेऊ का, चेंडू जरा जवळ ठेवू का.

“पावलं बदलायची नसतात,” गुरुजी म्हणाले. “माणसाने बदलायचं असतं.”

फटक्याच्या दिवशी सगळं गाव जमलं, राजाही आला. मुलगी खडकाशी गेली, पण ठशांत उभी न राहता बाजूच्या मातीत उभी राहिली. तिने चेंडू जवळ ठेवला, दोन्ही पाय एका रेषेत घेतले, गुडघे जरासे वाकवले, काठी चार बोटं खाली धरली. गुरुजी धावत आले. हा थोरल्या महाराजांचा अपमान आहे, हिला बाजूला करा, असं म्हणू लागले.

तेव्हा गर्दीतली सगळ्यांत म्हातारी बाई पुढे आली. तरुणपणी ती थोरल्या महाराजांकडे दूध घालायची.

“कसला अपमान?” ती गुरुजींना म्हणाली. “अरे, तू तेव्हा पाळण्यात होतास. मी त्यांना रोज बघायची. घोड्यावरून पडल्यापासून त्यांचा डावा गुडघा वाकत नव्हता, म्हणून तो पाय पुढे टाकून उभे राहायचे. उंचही होते ताडासारखे. ते आपल्या पायांना सोसेल तसे उभे राहिले. तुम्ही धडधाकट पोरांना त्यांच्या दुखण्यात उभं केलंत, आणि वर पोरांचेच हात वाईट म्हणालात.”

राजाने मुलीला मार म्हणून खूण केली. तिने फटका मारला. चेंडू ओढ्यावरून गेला आणि कुरणात एका लठ्ठ घोड्याच्या पुढ्यात पडला.

दुसऱ्याच दिवशी शेळ्या पलीकडे गेल्या. आणि गुरुजींनी काय करावं? त्यांनी पाथरवट बोलावला आणि त्याच खडकात मुलीच्या पावलांचे ठसे कोरायला सांगितले.

मुलीने पाथरवटाच्या हातातून छिन्नी काढून घेतली. मग ती आणि तिचा भाऊ, दोघांनी खडकावर मातीच्या पाट्या ओतल्या, जुने ठसे पार बुजेपर्यंत. तेव्हापासून जो येई तो त्या मातीत आपल्या पायांप्रमाणे उभा राही, आणि जाताना माती सारखी करून जाई.

तात्पर्य: ज्याचा फटका चुकतो त्याचे हात वाईट म्हणण्याआधी, आपण त्याला कोणाच्या पावलांत उभं केलं आहे ते पाहावं.

गुरुजींनी त्या तीन तरुणांची माफी मागितली का, असं मी विचारलं होतं, तर मला गप्प बसवलं. आता आत्या हाक मारते आहे, पण खरं सांगायचं तर माफी—